फॉर्म्युला ईच्या ड्रायव्हरांचे विक्रम वाचायचे कसे?

११ फेब्रुवारी २०२३. हैदराबादला हुसेनसागरच्या काठावर भारतातली पहिली फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाड्यांची, शर्यत होती. आम्ही सोलापूरचे, त्यामुळे हैदराबाद म्हणजे काही परगाव नव्हे. स्टँडवर उन्हात बसून मी वहीत निकाल उतरवला: १ व्हर्न, २ कॅसिडी, ३ ब्यूमी. खाली तारीख टाकली, वही पिशवीत कोंबली आणि गाडी पकडायला पळालो. घरी आल्यावर कळलं की तिसरा अंतोनियो फेलिक्स दा कोस्ता. सेबास्तियन ब्यूमीनं तिसऱ्या क्रमांकावर रेषा ओलांडली होती हे खरं, पण त्याच्या गाडीनं नेमून दिलेल्यापेक्षा जास्त पॉवर वापरल्याचं तपासणीत निघालं. सतरा सेकंदांचा दंड बसला आणि पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतली जागा, गेला.

वहीतली ती खोडलेली ओळ अजून तशीच आहे. या खेळात नव्यानं येणाऱ्याला पहिल्यांदा तीच दाखवतो. कारण ड्रायव्हरांचे आकडे कुठेही मिळतात, पण ते आकडे कुठल्या नियमाखाली आणि कुठल्या गाडीत झाले हे सोबत नसेल, तर त्यांना काही अर्थ नाही.

आधी मोसम ओळखा

फॉर्म्युला ईचा मोसम साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो, म्हणून तो दोन वर्षांच्या जोडनावानं लिहितात: २०१४–१५, २०१५–१६ असा. नवखा इथेच गडबडतो. डिसेंबर २०२४ मधली साओ पाउलोची शर्यत २०२४–२५ च्या मोसमात मोजतात. वहीत कॅलेंडरचं वर्ष लिहाल तर पुढची सगळी बेरीज चुकेल.

पहिली शर्यत १३ सप्टेंबर २०१४ ला बीजिंगमध्ये झाली. शेवटच्या वळणावर निकोला प्रोस्त आणि निक हाइडफेल्ड पहिल्या जागेसाठी एकमेकांवर आदळले, हाइडफेल्डची गाडी हवेत उडून उलटी पडली आणि मागून शांतपणे आलेला लुकास दि ग्रासी जिंकला. या माणसाचं नाव लक्षात ठेवा, पुढे त्याची करुण कहाणी आहे.

२०२४–२५ पर्यंतच्या अकरा मोसमांचे विजेते एका दमात: नेल्सन पिके ज्युनिअर, सेबास्तियन ब्यूमी, लुकास दि ग्रासी, ज्याँ-एरिक व्हर्न (सलग दोनदा), अंतोनियो फेलिक्स दा कोस्ता, निक डी व्ह्रीस, स्टॉफेल वँडोर्न, जेक डेनिस, पास्कल वेर्लाइन, ऑलिव्हर रोलंड. अकरा मोसमांत दहा वेगळे विजेते. दोनदा जिंकणारा फक्त व्हर्न. फॉर्म्युला वनमध्ये एकेक ड्रायव्हर वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो, ते बघायची सवय असेल तर हे चित्र विचित्र वाटेल. आणखी एक खाचखळगा म्हणजे ‘जागतिक अजिंक्यपद’ हा दर्जा या स्पर्धेला २०२०–२१ पासून मिळाला. म्हणून पहिला अधिकृत जगज्जेता निक डी व्ह्रीस ठरतो. त्याच्या आधीचे सहा मोसमांचे विजेते ‘चॅम्पियन’ आहेत, ‘वर्ल्ड चॅम्पियन’ नाहीत. वाद घालायचा असेल तर हा मुद्दा हुकमी आहे.

गाडीची पिढी लिहिल्याशिवाय आकडा लिहू नका

पहिल्या पिढीच्या गाडीत (२०१४ ते २०१८) वापरायला मिळणारी ऊर्जा होती २८ किलोवॅट-तास. त्यात पूर्ण शर्यत होत नसे. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरला दोन गाड्या! निम्म्या शर्यतीत पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या संघाच्या थांब्यावर) यायचं, पट्टे सोडायचे, उडी मारून बाहेर पडायचं आणि शेजारी भरून ठेवलेल्या दुसऱ्या गाडीत शिरायचं. लोक हसले होते याला. मला मात्र तो प्रकार आवडायचा, कारण ड्रायव्हरची धांदल डोळ्यांनी दिसायची.

दुसऱ्या पिढीत (२०१८ ते २०२२) बॅटरी जवळपास दुप्पट, ५४ किलोवॅट-तासांची झाली आणि एकाच गाडीत शर्यत पुरी होऊ लागली. तिसरी पिढी २०२३ ला आली: ३५० किलोवॅट पॉवर, ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास वेग, आणि मुख्य म्हणजे ब्रेक दाबताना ६०० किलोवॅटपर्यंत ऊर्जा परत बॅटरीत. मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेकच नाहीत, मोटरच गाडी अडवते. २०२४–२५ पासून त्याच पिढीची सुधारित गाडी आली. तिला सुरुवातीच्या क्षणी आणि अटॅक मोडमध्ये (काही मिनिटांची जादा पॉवर, तिच्याबद्दल पुढे) चारही चाकांना ताकद मिळते.

म्हणून ‘सर्वांत वेगवान लॅप’ (लॅप म्हणजे ट्रॅकची एक फेरी) असले विक्रम वेगवेगळ्या पिढ्यांत एकमेकांशेजारी मांडू नयेत. शिवाय ट्रॅक शहराच्या रस्त्यांवर उभारलेले, दरवर्षी एखादं वळण बदललेलं. लॅपच्या विक्रमांसाठी मी वहीत रकानाच ठेवलेला नाही.

गुणांची भाषा

पहिल्या दहांना २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १. पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेणाऱ्याला ३. सर्वांत वेगवान लॅपला आता १, तोही पहिल्या दहांत आलात तर. सुरुवातीच्या मोसमांत त्याला २ गुण होते आणि ही पहिल्या दहांची अट नव्हती.

त्या दोन गुणांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ३ जुलै २०१६, लंडनमधलं बॅटरसी पार्क, मोसमाची शेवटची शर्यत. ब्यूमीनं पोल घेतली, तीन गुण मिळाले आणि तो दि ग्रासीच्या बरोबरीला आला. दोघेही १५३ वर. हिरवा दिवा लागला, पहिल्याच लॅपमध्ये ब्रेकिंगला दि ग्रासीची गाडी ब्यूमीच्या मागच्या भागात घुसली. दोन्ही गाड्या मोडल्या. दुसऱ्या कुठल्या खेळात इथे सामना संपला असता. पण प्रत्येकाकडे दुसरी गाडी होती ना! दोघे रखडत पिटमध्ये आले, गाड्या बदलल्या आणि शर्यत जिंकायचा विचार सोडून एकाच कामाला लागले: एक वेगवान लॅप. मोकळी जागा मिळेपर्यंत थांबायचं, बॅटरी आणि टायर सांभाळायचे आणि एका लॅपमध्ये सगळं ओतायचं. ब्यूमीची लॅप सरस ठरली. १५५ विरुद्ध १५३.

निकालपत्रात त्या दिवशी ब्यूमीच्या नावापुढे ‘शर्यत अपूर्ण’ असं दिसेल. अजिंक्यपद मात्र त्यानं तिथेच मिळवलं.

गुणांना शर्यतींनी भागा

हे पाचवीतलं गणित आहे, पण करत कोणी नाही. ब्यूमीचे १५५ गुण १० शर्यतींत आले, म्हणजे शर्यतीमागे साडेपंधरा. जेक डेनिसचे २०२२–२३ मधले २२९ गुण १६ शर्यतींत, म्हणजे सव्वाचौदाच्या आसपास. नुसत्या बेरजेवर डेनिस कितीतरी पुढे दिसतो, भागाकारात मागे पडतो.

आता निक डी व्ह्रीस घ्या. २०२०–२१ मध्ये १५ शर्यती आणि गुण फक्त ९९. शर्यतीमागे सातही नाहीत, तरी जगज्जेता! तो काही किरकोळ ड्रायव्हर नव्हे. तेव्हाची क्वालिफायिंगची, म्हणजे शर्यतीत कोण कुठल्या जागेवरून सुटणार हे ठरवण्याची, पद्धत तशी होती. गुणतक्त्यातल्या वरच्या सहांना आधी ट्रॅकवर उतरावं लागे. शहरातला धुळकट रस्ता, टायरला पकड नाही. म्हणजे जो पुढे तो मागच्या रांगेत ढकलला जायचा, आणि गुण सगळीकडे वाटले जायचे. शेवटच्या बर्लिनच्या शर्यतीला उतरताना डझनभराहून जास्त जणांना अजिंक्यपदाची संधी होती. तिथे सुरुवातीलाच मिच इव्हान्सची गाडी जागेवर थिजली आणि एदोआर्दो मोर्तारा मागून तिच्यावर आदळला. दोन दावेदार एका फटक्यात बाहेर. डी व्ह्रीस आठवा आला आणि जिंकला.

पुढच्या मोसमापासून पद्धत बदलली. आता दोन गट, प्रत्येकातले चार पुढे, मग दोघादोघांची बाद फेरी. वेगवान ड्रायव्हरला त्याच्या वेगाचा मोबदला मिळू लागला. त्या वर्षी वँडोर्ननं २१३ गुण केले. म्हणून माझ्या वहीत २०२१ आणि २०२२ च्या मधे लाल रेघ आहे.

वँडोर्नच्या त्या २१३ गुणांत विजय किती असतील? एक. मोनॅको. त्याच मोसमात इव्हान्सनं चार शर्यती जिंकल्या आणि तो १८० वर राहिला. वँडोर्न जवळजवळ प्रत्येक शर्यतीतून काहीतरी घरी घेऊन आला. ‘विजय’ हा एकच रकाना बघणाऱ्याला हा मोसम कधीच कळणार नाही.

उलट टोकाला पुन्हा ब्यूमीच. २०१६–१७ मध्ये पहिल्या आठपैकी सहा शर्यती त्याच्या. तरी अजिंक्यपद दि ग्रासीला, १८१ विरुद्ध १५७. कारण न्यूयॉर्कच्या दोन शर्यतींच्या वेळीच ब्यूमीची लांब पल्ल्याच्या (एन्ड्युरन्स) मोटरशर्यतींच्या अजिंक्यपदातली शर्यत होती आणि तो तिकडे गेला. हजेरीचाही रकाना ठेवा.

रस्त्यावरचा निकाल आणि कागदावरचा निकाल

माझ्या मते सगळ्या वहीत हा सर्वांत कामाचा रकाना आहे. त्याचं नाव मी ‘टीप’ एवढंच ठेवलंय.

दि ग्रासीकडे परत येऊ. २०१५ ला बर्लिनची शर्यत त्यानं आरामात जिंकली. तपासणीत पुढच्या विंगमध्ये नियमाबाहेरचा बदल निघाला, अपात्र. त्या मोसमात तो १३३ गुणांवर राहिला आणि पिके १४४ वर जिंकला. तेव्हा एका विजयाचे गुण २५ होते! पुढच्या वर्षी मेक्सिको सिटीत तो पुन्हा पहिला आला. यावेळी गाडीचं वजन किमान मर्यादेपेक्षा कमी भरलं, पुन्हा अपात्र. आणि त्या मोसमात तो हरला किती गुणांनी, हे वर आलंच आहे. दोन. गंमत पुढे आहे: २०१७ ला माँट्रियलमध्ये वजन कमी भरल्यामुळे अपात्र ठरला तो ब्यूमी, आणि अजिंक्यपद गेलं दि ग्रासीकडे. तराजूनं उधारी फेडली म्हणायची.

आता याच घटना दुसऱ्या बाजूनं बघा. बर्लिन २०१५ आणि मेक्सिको २०१६ हे दोन्ही विजय कागदावर कोणाच्या नावावर लागले? बेल्जियमच्या जेरोम दाँब्रोजिओच्या. त्याच्या नावावर दोन विजय होते, पण पहिल्या क्रमांकानं रेषा ओलांडण्याचं सुख एकदाही नाही. ते मिळालं जानेवारी २०१९ मध्ये मराकेशला. पुढे चाललेल्या दोन बीएमडब्ल्यू एकमेकींना भिडल्या आणि दाँब्रोजिओ निसटला. गाडी कोणाची? महिंद्राची.

महिंद्रा हा आपला घरचा धागा

संघाचा कारखाना ब्रिटनमध्ये, बॅनबरीला. पण मालक मुंबईचे, आणि पहिल्या मोसमापासून मैदानात. पहिल्या वर्षी ड्रायव्हर होते करुण चंडोक आणि ब्रुनो सेना. पहिला विजय १० जून २०१७ ला बर्लिनमध्ये, स्वीडनच्या फेलिक्स रोझेनक्विस्टचा. दुसऱ्या दिवशीही तोच पहिला आला होता, पण पिटमधून गाडी धोकादायक रीतीनं सोडल्याबद्दल दहा सेकंदांचा दंड झाला आणि विजय ब्यूमीच्या खात्यात गेला. म्हणजे ब्यूमीच्या त्या सहा विजयांतला एक असा आहे. ‘टीप’ रकाना का हवा, कळलं ना?

नवख्यानं एखाद्या संघाचा हात धरूनच शिकायचं असेल तर महिंद्रा सोयीची पडते, कारण तिच्या वाटेनं गेलेले ड्रायव्हर पुढे मोठे झाले. फेब्रुवारी २०१९, मेक्सिको सिटी: महिंद्राच्या पास्कल वेर्लाइननं पोल घेतली, शेवटपर्यंत दि ग्रासीला अडवून धरलं, आणि रेषेच्या तोंडाशी बॅटरीनं मान टाकली. शेवटच्या काही मीटरांत दि ग्रासी बाजूनं निघून गेला. वेर्लाइनला वर आणखी दंड बसला. तोच वेर्लाइन २०२३–२४ मध्ये पोर्शकडून अजिंक्य ठरला, १९८ गुण. आणि हैदराबादला आम्ही ज्या महिंद्रासाठी घसा बसेपर्यंत ओरडत होतो, त्यातला एक ड्रायव्हर ऑलिव्हर रोलंड. त्याच मोसमात मध्येच तो संघ सोडून गेला. पुढे निस्सानमध्ये जाऊन २०२४–२५ चं अजिंक्यपद त्यानं दोन शर्यती शिल्लक असतानाच खिशात घातलं.

मुंबईचा जेहान दारूवालाही २०२३–२४ चा मोसम मासेरातीकडून खेळला. चंडोकनंतर या ग्रिडवर दिसलेला तो भारतीय.

ड्रायव्हर की गाडी?

हे तपासायची सोपी पट्टी म्हणजे त्याच संघातला जोडीदार. गाडी सारखी, इंजिनिअर शेजारी बसणारे. २०१९–२० मध्ये टेचीता संघात दा कोस्ता १५८, व्हर्न ८६. मर्सिडीजमध्ये २०२०–२१ ला डी व्ह्रीस ९९, वँडोर्न ८२. पुढच्या वर्षी वँडोर्न २१३ आणि डी व्ह्रीस १०६. माणसं तीच, संघ तोच, नियम बदलले. एका मोसमावरून कोणाला मोठा किंवा छोटा ठरवू नका.

ऊर्जा बघायला शिका

टीव्हीवर नावाच्या शेजारी उरलेल्या ऊर्जेची टक्केवारी दिसते. क्रमांकाआधी ती बघायची. पहिला ३० टक्क्यांवर आणि तिसरा ३३ टक्क्यांवर असेल, तर माझे पैसे तिसऱ्यावर. हैदराबादला व्हर्नचं कौतुक म्हणूनच होतं: मागे कॅसिडीकडे जास्त ऊर्जा शिल्लक होती, तरी व्हर्ननं त्याला शेवटच्या लॅपपर्यंत दाराबाहेर उभं केलं. अंतर अर्ध्या सेकंदाहून कमी. स्टँडवर आवाज असा की घरातला मिक्सर कोणीतरी लांबून जोरात ओढत आणतोय, आणि वळणावर टायरची किंकाळी. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे लोकांचं ओरडणं ऐकू येतं.

नव्या गाड्यांमध्ये पुढे राहणाऱ्याला हवा फोडावी लागते, मागचे त्याच्या आडोशानं ऊर्जा वाचवतात. त्यामुळे मोकळ्या ट्रॅकवर कोणालाच पुढे राहायचं नसतं. ‘सर्वाधिक लॅप आघाडीवर’ हा आकडा दिसला तर सरळ दुर्लक्ष करा.

ऊर्जेचा हिशेब चुकला तर काय होतं ते व्हॅलेन्सियात २४ एप्रिल २०२१ ला दिसलं. तेव्हा शर्यत ४५ मिनिटं अधिक एक लॅप अशी असे. सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालायला लावणारी गाडी) आली की प्रत्येकाच्या खात्यातून ठरावीक ऊर्जा कापली जाई. त्या दिवशी ती पुन्हापुन्हा आली. आघाडीवरच्या दा कोस्तानं घड्याळात काही सेकंद बाकी असतानाच रेषा ओलांडली, त्यामुळे सगळ्यांना एक लॅप जादा पळावी लागली. बहुतेकांनी तिचा हिशेबच धरला नव्हता. टीव्हीवर गाड्या बैलगाडीच्या वेगानं सरपटताना दिसत होत्या. डी व्ह्रीस जिंकला, निको म्युलर दुसरा. म्युलर दुसरा कसा, हे निकालपत्र सांगणार नाही. २०२३ पासून शर्यत लॅपच्या संख्येवर ठरते.

‘अटॅक मोड’ २०१८–१९ पासून आहे: वळणाच्या बाहेरच्या पट्ट्यावरून गाडी नेली की काही मिनिटं जादा पॉवर. जाताना एकदोन जागा गमवाव्या लागतात, म्हणून निम्म्या शर्यतीतल्या क्रमांकाला फार महत्त्व देऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये जेद्दाहपासून काही शर्यतींत ‘पिट बूस्ट’ही आला, तीस सेकंदांत ६०० किलोवॅटनं चार्जिंग, बॅटरीत दहा टक्के भर. प्रेक्षकांच्या मतांवर जादा पॉवर देणारा ‘फॅनबूस्ट’ तिसऱ्या पिढीबरोबर गेला. बरं झालं.

वहीत पहिल्या पानावर कोणते विक्रम?

मी तीनच ठेवलेत. ब्यूमीचा चौदावा विजय, तेव्हाचा विक्रम, मे २०२५, मोनॅको. त्याआधीचा तेरावा जुलै २०१९ मध्ये न्यूयॉर्कला. दोन विजयांमधे जवळपास सहा वर्षं! दुसरा, इव्हान्सनं डिसेंबर २०२४ ला साओ पाउलोत शेवटच्या, बाविसाव्या जागेवरून सुरुवात करून जिंकलेली शर्यत. ‘टीप’: शर्यत लाल झेंड्यानं थांबली होती, सगळ्या गाड्या पुन्हा एकत्र आल्या. वेर्लाइनची गाडी त्याच दिवशी उलटली, तो सुखरूप निघाला. तिसरा टेलर बर्नार्डचा. सॅम बर्डचा हात मोडला म्हणून २०२४ ला मोनॅकोत ऐनवेळी बसवलेला हा १९ वर्षांचा मुलगा या स्पर्धेतला तेव्हाचा सर्वांत लहान ड्रायव्हर ठरला. पुढच्या मोसमात सर्वांत लहान वयात पोडियम आणि पोलही त्याचीच. विजयांचा आकडा तेवढा दर मोसमाला पुन्हा तपासा.

रकाने एकदा सांगतो: मोसम, गाडीची पिढी, संघ, शर्यती, विजय, पोल, गुण, भागाकार, जोडीदाराचे गुण, टीप. सुरुवात रोलंडपासून करा. महिंद्राची पानं आधी, मग निस्सानची.

मेक्सिको सिटीची शर्यत आपल्याकडे उत्तररात्री दीडच्या सुमाराला लागते, टोकियोची २०२४ आणि २०२५ ला सकाळी साडेअकराच्या आसपास लागली. मेक्सिकोला जागत असाल तर निकाल पेन्सिलीनं लिहा आणि झोपा. सकाळी चहाबरोबर अधिकृत निकालपत्र उघडा, दंडाची ओळ वाचा, मग पेन काढा.